पिंजरा बांधताना

म्हसळ्यात फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्याच्या हाताखालून जे लोखंड जातं, त्यातलं बहुतेक पावसापायी जातं. गच्चीवरची पत्र्याची शेड, पडवीचं छप्पर, जिन्यावरचा आडोसा ही आमची रोजची भाकरी. गेट, ग्रिल आणि कठडे मधल्या काळात. मे उजाडला की गिऱ्हाईक दारात उभं, कारण मृगाच्या आधी पत्रा चढला पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा या पट्ट्यावरून गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही नवीन काही बांधलंच नाही, नुसत्या मोडलेल्या शेडी उतरवत होतो.

त्या मोडतोडीत मी जे पाहिलं ते पुस्तकात वाचून कळलं नसतं. पाइप सरळ भागात तुटलेला क्वचितच सापडला. तो गेला होता बेंडच्या पोटात, जिथे वाकवतानाच चपटा झाला होता. नाहीतर बेस प्लेटच्या वेल्डिंगला, नाहीतर भोक पाडून स्क्रू पिळला होता तिथे. जाडजूड पाइपांच्या शेडीही आडव्या झाल्या होत्या आणि शेजारची हलकी पण नीट तिरपे आधार दिलेली शेड उभी होती. ‘जाड घ्या म्हणजे टिकेल’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं आश्वासन. वादळाने ते खोटं पाडलं होतं.

म्हणून पुढे जेव्हा जीपवर पिंजरा बांधायचं काम आलं, तेव्हा जाडीपासून सुरुवात करायची नाही हे मनाशी पक्कं होतं.

काम आणलं ते श्रीवर्धन रस्त्यावरच्या एका गावातल्या भाईंनी. आखातात बरीच वर्षं नोकरी करून परत आलेले, घरी जुनी महिंद्रा एमएम ५४०. दुबईत वाळवंटाच्या सफरीला जाणाऱ्या गाड्यांच्या आत पाइपांचा पिंजरा बसवलेला त्यांनी पाहिला होता. २०१४ पासून गोव्यात ऐन पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया ही चिखल-ओढ्यातली गाड्यांची स्पर्धा होते. तिथे नाहीतर तसल्याच एखाद्या स्पर्धेत जीप उतरवायची त्यांची हौस होती.

“दादा, पाइप चांगला जाड घ्या. पैशाकडे बघू नका,” ते म्हणाले.

“भाई, पैशाकडे तुम्ही बघू नका. जाडीकडे मी बघतो,” मी म्हणालो. “पण हा पिंजरा फक्त स्पर्धेच्या गाडीवर. आणि आत बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, अंगावर पट्टे. कबूल असेल तर हात घालतो.”

ते कबूल झाले. या अटीकडे मी पुढे येणारच आहे.

शेडीचं आणि पिंजऱ्याचं लोखंड एकाच दुकानातून येऊ शकतं, पण दोघांचं आयुष्य वेगळं असतं. शेडीला वारा, पाऊस, पत्र्याचं ओझं रोज सोसायचं असतं. कुठे काही कुरकुरलं तर मालक फोन करतो, आपण जाऊन एक आधार वाढवून येतो. पिंजरा वर्षानुवर्षं काहीच करत नाही आणि एके दिवशी गाडी उलटते तेव्हा त्याला सगळं काम एका क्षणात करून दाखवावं लागतं. दुरुस्तीला सवड नसते. म्हणून तो मोडणार असला तर कसा मोडेल, हे आधी ठरवावं लागतं. त्याने सावकाश वाकावं, चेपावं, धक्का पोटात घ्यावा. तडकून तुटता कामा नये आणि आतल्या माणसाच्या जागेत घुसता कामा नये.

लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात माझा भाचा मेकॅनिकल शिकत होता. सुट्टीत आला की दुकानात बसायचा. इंजिनिअरिंगची मुलं एकट्या माणसाची छोटी चिखलगाडी बनवून ज्या बाहा स्पर्धेत उतरतात, ती भारतात २००७ पासून होते. तिची नियमावली त्याच्याकडे होती. त्यात मुख्य नळ्यांसाठी एक आधाररेषा दिली आहे: बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, भिंत ३ मिलिमीटर, पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के. दुसरी नळी घ्यायची तर घ्या, पण वाकवायला लागणारा जोर आणि वाकताना सोसण्याची ताकद या दोन्हींत ती या नळीपेक्षा कमी भरता कामा नये, आणि ते आकडे मांडून दाखवा.

“मामा, यात वजन कुठेच नाही बघ,” भाचा म्हणाला. “व्यास आहे, भिंत आहे आणि पोलाद आहे.”

मग आम्ही आमच्या कामाचा हिशोब वहीत मांडला. ४५ मिमी व्यासाची, अडीच मिमी भिंतीची नळी मीटरला साधारण २.६ किलो भरते. तेवढ्याच वजनाची भरीव सळई घेतली तर तिचा व्यास भरतो साडेवीस मिमीच्या आसपास. वजन तेच, पोलाद तेच. पण वाकण्याला होणारा विरोध मोजला तर नळी सळईच्या साडेआठ पट भरते. वाकताना सोसण्याची ताकद जवळजवळ चौपट. धातू मध्यापासून जितका दूर, तितका तो कामाला येतो. सळईच्या गाभ्यातलं लोखंड फक्त ओझं वाढवतं. लोखंड विकून पोट भरणाऱ्या माणसाने हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करावा. त्यानंतर ‘भरीव आहे हो’ असं गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगताना जीभ अडखळते.

आता बाजारात काय मिळतं ते बघू. आमच्या भागात पाइप म्हटलं की हार्डवेअरवाला जो काढून देतो तो पाण्याचा पाइप, आयएस १२३९ या भारतीय प्रमाणाचा. हलका, मध्यम, जड अशा तीन प्रती, त्यांच्यावर अनुक्रमे पिवळा, निळा, लाल पट्टा. त्याचं माप आतल्या भोकावरून बोलतात. दीड इंची, म्हणजे ४० एनबीचा पाइप बाहेरून ४८.३ मिमी असतो. मध्यम प्रतीची भिंत ३.२ मिमी. तो पाण्यासाठी आहे, दाब धरणं आणि आटे पाडून घेणं हे त्याचं काम. प्रमाणात त्याची ओढून तुटण्याची किमान ताकद आहे ३२० मेगापास्कल. मोटरस्पर्धांची जागतिक संघटना, म्हणजे एफआयए, तिच्या परिशिष्ट ‘जे’मधल्या कलम २५३ मध्ये पिंजऱ्यासाठी मागते किमान ३५०, आणि तेही थंड ओढलेल्या, बिनशिवणीच्या, साध्या कार्बन पोलादाच्या नळीत. मुख्य कमानीला ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २. अर्ध्या कमानी आणि बाकीच्या दांड्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २.

दीड इंची मध्यम पाइप मीटरला साडेतीन किलोच्या वर जातो. म्हणजे ताकदीची हमी कमी आणि मीटरमागे जवळजवळ एक किलो ओझं जास्त. हे ओझं चढतं कुठे, तर गाडीच्या डोक्यावर. उंच चढलेलं वजन गाडीला उलटायला मदत करतं. ज्या अपघातातून वाचवायला पिंजरा बांधायचा, तोच अपघात जाड पाइप जवळ आणतो. भाईंना मी हे जीपच्या शेजारी उभं राहून समजावलं. वाहन चालवणारा माणूस हे लगेच ओळखतो. टपावर सामान लादून घोणसे घाट उतरलेला कोणीही ओळखेल.

जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप तर सुरुवातीलाच बाजूला ठेवला. खाऱ्या हवेत जीआय टिकतो म्हणून इकडे त्याच्यावर सगळ्यांचा जीव. पण वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताची वाफ होते, शिवणीत बुडबुडे अडकतात, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो. शेडीत जस्त घासून काढून काम भागवता येतं. जिथे एकेका शिवणीवर माणसाचा जीव आहे तिथे असला धोका कशाला पत्करायचा?

शिवणीची नळी आणि बिनशिवणीची नळी, हा पुढचा प्रश्न. ईआरडब्ल्यू नळी पट्टी गोल गुंडाळून, कडा विजेने जोडून बनते. तीच पुढे डायमधून थंड ओढली की माप नेमकं होतं, शिवण दबते, ताकद वाढते. तिला सीईडब्ल्यू म्हणतात, आणि मोटारगाड्यांसाठी आयएस ३०७४ हे वेगळं प्रमाणच आहे. बिनशिवणीची नळी कशी होते याचं मला लहानपणापासून कुतूहल. आमच्याच रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्याजवळ सुकेळीला महाराष्ट्र सीमलेसचा कारखाना आहे. एसटीने मुंबईला जाता-येता तो खिडकीतून दिसायचा. लाल तापलेला भरीव दांडा दोन तिरप्या रोलांमध्ये गरगर फिरवत पुढे रेटतात. पिळवटून त्याचा गाभा सैल पडतो आणि समोर धरलेल्या टोकदार प्लगवर तो पोकळ होत जातो. जर्मनीतल्या मॅनेसमान बंधूंनी १८८५ मध्ये ही रीत शोधली. सांधा नाहीच, मग उकलण्याची भीती कशाला! पिंजऱ्यासाठी हीच जात मी नक्की केली.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेलो तेव्हा व्यापाऱ्याने पहिला प्रश्न केला, “किती टन?” मला हव्या होत्या सहा मीटरच्या मोजक्या नळ्या. पण थोडक्या मालासाठी मी जे मागत होतो ते त्याला जास्त अवघड वाटलं: टेस्ट सर्टिफिकेट आणि नळीवरचा हीट नंबर, म्हणजे ती पोलादाच्या कुठल्या वितळीतून आली त्याचा क्रमांक. हे दोन जुळले तरच त्या कागदाला अर्थ. कागदात मी तन्यताही बघितली, म्हणजे तुटण्याआधी नळी किती टक्के लांबते ते. थंड ओढून तशीच सोडलेली नळी कडक असते. ई२३५ प्रतीच्या अशा नळीची किमान लांबण युरोपीय प्रमाणात ६ टक्के आहे. तीच ओढल्यावर भट्टीत नॉर्मलाइज केली तर २५ टक्के. वरून दोन्ही सारख्याच गुळगुळीत. फरक दिसतो तो वाकवताना, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. क्रोमोली, म्हणजे ४१३० जातीची नळी, मी घेतली नाही. ती ताकदवान आहे, पण वेल्डच्या बाजूला ती कडक होते आणि तिला टिग वेल्डिंगचं स्वच्छ, संथ काम लागतं. आपल्या दुकानात जे पोलाद आपण नीट जोडू शकतो तेच घ्यावं. हातात नसलेली कला नळीच्या किमतीने विकत मिळत नाही.

नळी ठरली म्हणजे अर्धं काम झालं असं वाटतं. खरी गाठ पुढे आहे, कारण नळी आणि बेंडर एकत्रच निवडावे लागतात.

बहुतेक दुकानांत असतो तो हायड्रॉलिक पाइप बेंडर माझ्याकडेही आहे. मागे बारा टनी जॅक, पुढे अर्धगोल फर्मा, दोन्ही बाजूंना आधाराचे रोलर. जॅक फर्म्याला पाइपच्या मध्यावर रेटतो आणि पाइप वाकतो. जाड भिंतीच्या पाण्याच्या पाइपाला तो ठीक. पण त्याचे फर्मे एनबी मापाचे. ४८.३ च्या खोबणीत ४५ ची नळी सैल बसते आणि खालच्या मापाच्या ४२.४ च्या खोबणीत ती शिरतच नाही. सैल खोबणीत नळीला बाजूंनी पकड मिळत नाही, मग सगळा जोर एका रेघेवर येतो. पपईच्या पानाचा पोकळ देठ वाकवून बघा. बाहेरून ताणला जातो, आतून चेपतो, आणि चेपलं की त्या जागी पुन्हा कितीही वेळा सहज दुमडतो. पातळ भिंतीच्या नळीचं नेमकं तेच होतं.

जुने कारागीर यावर वाळूचा उपाय करायचे. नळीत वाळू ठासायची, दोन्ही टोकांना लाकडाची बुचं मारायची, गॅसने लाल करायची आणि वाकवायची. ज्या उस्तादांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी आखातात पाइप फिटिंग करताना अशी कित्येक वळणं काढली होती आणि ती बघण्यासारखी असायची. वाळू कढईत भाजून घेतल्याशिवाय ते नळीला हात लावू देत नसत. ओलसर वाळू बंद नळीत तापली की वाफ होते, आणि बूच गोळीसारखं सुटतं. खाडीची खारी वाळू तर नकोच. ही रीत कठड्याला, कमानीला आजही चालेल. पिंजऱ्याला नाही. लाल तापवलं की नळीच्या ताकदीची सर्टिफिकेटवरची हमी उरत नाही. एफआयएचा नियमही थंड वाकवण्याचाच आहे.

तोच नियम पुढे दोन आकडे देतो, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं सार त्यात आहे. पहिला: बेंडची त्रिज्या, नळीच्या मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या किमान तिप्पट. दुसरा: वाकल्यावर नळी लंबगोल झाली तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या किमान ०.९ पट. तिप्पट त्रिज्येला नळीची बाहेरची बाजू साधारण १६-१७ टक्के ताणली जाते. आता सर्टिफिकेटवरची ती ६ आणि २५ टक्क्यांची गोष्ट पुन्हा आठवा. ६ टक्क्यांची नळी इथे चिरण्याचा धोका मोठा. २५ टक्क्यांची तरून जाणार. ताणल्याने बाहेरची भिंतही पातळ होते, अडीचची सव्वादोनच्या आसपास येते. पातळ भिंत घेताना ही घट आधी धरावी लागते.

म्हणून मी नळी जागेवर धरून डायला गुंडाळणारा बेंडर बनवायचं ठरवलं. यात गोल डाय स्वतः फिरते, नळीचं टोक तिला जखडलेलं असतं, आणि मागून एक सरळ ठोकळा नळीला खोबणीत दाबून धरतो. नळी डायवर ओढली जाते, रेटली जात नाही. वाकण्याच्या जागी ती चारी बाजूंनी धरलेली असते. ४५ च्या नळीला १३५ मिमी त्रिज्येची आणि ३८ ला ११४ ची, अशा दोन डाय विळे-भागाड एमआयडीसीतल्या एका लेथवर कातून आणल्या. ते कारागीर खोबणीला थोडी सूट देऊ का विचारत होते. मी नळीचा तुकडाच बरोबर नेला होता. तो खोबणीत बसवला, उजेडासमोर धरला, आणि फट दिसेनाशी होईपर्यंत काम करून घेतलं. जाड प्लेटचा पाट, मध्ये भक्कम पिन, जॅकने फिरणारा हात आणि कोन दाखवणारी अंश पाडलेली चकती हे सगळं दुकानातच जमवलं.

पहिली कमान वाकवायच्या दिवशी आम्ही बाकीचं काम बंद ठेवलं. आधी सहा मिमीच्या सळईचा फर्मा जीपच्या आत बसवून पाहिला. हेल्मेट घातलेला माणूस खुर्चीत बसवला, डोक्याच्या वर आणि बाजूला मोकळी जागा बघितली, आणि मगच सळईवरून मापं उचलली. नव्वद अंशाच्या बेंडमध्ये १३५ त्रिज्येला नळीची २१२ मिमी लांबी जाते, ती धरून खडूच्या खुणा केल्या. नळी आतून पुसली, बाहेरच्या ठोकळ्याला ग्रीस लावलं.

जॅक चालू झाला तसा आवाज जवळजवळ आलाच नाही. रेटणाऱ्या बेंडरवर पाइप कुरकुरतो, खोबणीत उडी मारतो. इथे नळी फक्त वळत गेली. चकतीवर नव्वद आल्यावर थांबलो नाही. पोलादाला सरळ व्हायची ओढ असते, हात सोडला की ते थोडं मागे येतं. आधी तुकड्यांवर करून बघितलं होतं, आमची नळी दोन-तीन अंश मागे येत होती. तेवढं पुढे नेलं, दाब सोडला, आणि ती नव्वदवर येऊन थांबली. मग व्हर्नियर लावलं. बेंडच्या मध्यावर मोठा व्यास बघायचा, मग तिथेच आडवा लहान व्यास. मोठा ४६ आला तर लहान ४१.४ च्या खाली जाता कामा नये. आमचा बराच वर होता. पोटाच्या बाजूने अंगठा फिरवला, कुठे सुरकुती लागली नाही. पाठीवर टॉर्च तिरका धरून चीर शोधली. हाताखालच्या पोराला म्हणालो, “आता तू मोज. मी सांगितलेला आकडा विसर.” त्याचाही तोच आला.

मोजणं दोघांनी करायचं ही शिस्त मी तेव्हापासून ठेवली आहे. ज्याने वाकवलं त्याच्या डोळ्याला आपलं काम गोलच दिसतं.

पिंजऱ्याचा आराखडा साधा ठेवला. चालकाच्या मागे एका अखंड नळीची मुख्य कमान, तिथून पुढे काचेच्या कडेने उतरणाऱ्या दोन अर्ध्या कमानी, काचेवर आडवा दांडा, मागे दोन तिरपे आधार, खाली सहा पाय. कमानीत एक तिरका दांडा. मागचे आधार सरळच पाहिजेत, त्यांना बेंड द्यायचा नाही. धक्का नळीच्या लांबीने गेला तर ती तो सोसते, वाकलेल्या नळीला धक्का आणखी वाकवतो. निसर्गमध्ये उभी राहिलेली ती हलकी शेड मला इथे पुन्हा उपयोगी पडली. तिचे तिरपे आधार सरळ होते आणि प्रत्येक चौकोनाचे त्रिकोण झालेले होते.

सांध्यासाठी नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या अंगाला बसेल असं माशाच्या तोंडासारखं कापतात. होल सॉने कापून, कानशीने घासून, फट राहू न देता बसवलं. फट वेल्डने भरायची सवय शेडीतून येते, ती इथे सोडावी लागते. वेल्डिंगचे रॉड ७०१८ चे वापरले. हे रॉड कमी हायड्रोजनचे, शिवण चिवट येते. पण म्हसळ्याच्या हवेत त्यांची एक अट आहे. पाकीट उघडून ठेवलं की कोटिंग दमट होतं, दमटपणातून हायड्रोजन शिवणीत जातो, आणि आज चांगली दिसलेली शिवण उद्या आतून चिरू शकते. म्हणून रॉड भट्टीत तीनशे अंशांच्या आसपास वाळवायचे, गरम डब्यात ठेवायचे, लागतील तसे काढायचे. पावसाळ्यात मी पिंजऱ्याचं वेल्डिंग घेत नाही, याचं हे एक कारण.

पाय बसवताना जीपचा पत्रा खरा गुरू ठरतो. खालच्या पत्र्यावर सरळ वेल्ड केलेला पाय गाडी उलटल्यावर पत्रा फाडून खाली जाईल, वरचा पिंजरा कितीही चांगला असो. प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट आणि ८.८ प्रतीचे किमान तीन एम-८ बोल्ट, असा एफआयएचा नियम आहे. पत्र्याला वरून आणि खालून प्लेटांमध्ये धरलं, आणि गंजलेला पत्रा जिथे होता तिथे आधी तो कापून नवा घातला. समुद्राजवळच्या गाड्यांना हे करावंच लागतं. शेवटी डोकं लागेल अशा प्रत्येक नळीवर स्पर्धेसाठी बनवलेलं कठीण फोमचं आवरण बांधलं.

आता ती अट. रस्त्यावरच्या गाडीत मी पिंजरा बांधत नाही. बरेच जण येतात, मिनीडोअर रिक्षा चालवणारेही विचारून जातात, “आमच्या सीटांवर पण पाइप टाकून द्या ना.” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत असले बदल करू देत नाही, हे एक. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने पुढचे क्रॅश गार्ड बेकायदा ठरवले तेव्हा मी तेही काम बंद केलं. पण कायद्याआधी मला शरीर दिसतं. हेल्मेट नसलेलं डोकं साध्या धक्क्यातही पोलादाच्या नळीवर आपटेल. उलटल्यावर वाचवणारी वस्तू रोजच्या प्रवासात जीव घेईल. अशा माणसाला मी बसवून चहा देतो आणि सांगतो, “गाडीला पट्टे आहेत का ते बघा. नसतील तर आधी ते बसवा.” गिऱ्हाईक जातं, पण शांत झोप लागते.

भाईंची जीप चिखलात उतरली, पडली नाही, आणि पिंजऱ्याने अजून काही सिद्ध केलेलं नाही. त्याने कधीच सिद्ध करू नये हीच इच्छा. पण माझ्या रोजच्या कामात त्याने बराच बदल केला. शेडीचे बेंड आता मी मापाच्या फर्म्यावरच काढतो आणि चपटा आला तर तो पाइप कठड्याला वळवतो. तिरप्या आधारांचं लोखंड आधी मोजतो, मग खांबांची जाडी ठरवतो. बिलावर नुसतं ‘लोखंड, अमुक किलो’ असं लिहिणं बंद केलं.

कोकणातल्या माझ्यासारख्या दुकानदारांना माझी एवढीच विनंती आहे. माणूस ज्याच्या खाली बसणार आहे असं काहीही बांधाल, त्याच्यासोबत एक कागद द्या: नळी कुठल्या प्रमाणाची, व्यास आणि भिंत किती, हीट नंबर काय, बेंडची त्रिज्या किती, लहान-मोठा व्यास मोजून काय आला, रॉड कुठला. तो कागद लिहायला बसलात की कळतं, यातलं काय आपण खरोखर मोजलं आणि काय अंदाजाने धरलं. जी ओळ कोरी राहील, ते काम अजून पूर्ण झालेलं नाही. गिऱ्हाइकानेही हा कागद मागावा, आणि तो मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.